एका उभ्या रांगेत दोन प्यादी

टक. आवाज नेहमीसारखाच झाला, आणि पुढे दिवसभर प्रल्हाद नेरूरकरला त्याचंच नवल वाटत राहिलं. एवढी मोठी गोष्ट घडताना निदान आवाज तरी वेगळा व्हायला हवा होता. ओकुमुरासाहेबांनी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत प्यादं धरलं, हात नेहमीसारखा हवेतून सावकाश खाली आला, पाच कोनांची ती चपटी लाकडी सोंगटी पटावर टेकली आणि साहेबांनी हात परत मांडीवर ठेवला. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या त्या पोर्टाकॅबिनमध्ये एसी घरघरत होता. बाहेर शेडमध्ये फोर्कलिफ्ट मागे येताना पींपीं करत होती. स्टोअर सांभाळणाऱ्या जहूरने डबा उघडला होता, त्यामुळे तळलेल्या बांगड्याचा वास जहाजांच्या पंपांच्या सुट्या भागांवरून, व्हाल्व्हांवरून, गॅस्केटांवरून फिरून थेट पटापर्यंत आला होता. आणि पटावर साहेबांच्या बाजूने एकाच उभ्या रांगेत दोन प्यादी उभी होती. एक आधीपासूनचं, एक आत्ताचं. दोघांची तोंडं प्रल्हादकडे. दोघंही अगदी निरागस.

ज्याला नुसतं आपलं बुद्धिबळ येतं त्याला यात काही वाटणार नाही. पण शोगी हा जपानी खेळ जरा वेगळा. त्यात मारलेली सोंगटी मरत नाही. ती मारणाऱ्याच्या खिशात जाते आणि त्याच्या बाजूने पुन्हा पटावर उतरते, कालच्या धन्याविरुद्ध लढायला. सगळ्या सोंगट्या एकाच रंगाच्या. तोंड कुणीकडे यावरून माणूस कुणाचा ते ठरायचं. (“म्हणजे आपल्यासारखंच की,” जहूर पहिल्याच दिवशी म्हणाला होता. “व्हिसा ज्याचा, तोंड त्याच्याकडे.”) पकडलेलं प्यादं रिकाम्या घरात कुठेही उतरवता येतं. मोठी अट एकच. ज्या उभ्या रांगेत आपलं प्यादं आधीच उभं आहे तिथे दुसरं ठेवायचं नाही. ठेवलं तर डाव तिथेच खलास. तुम्ही हरलात. ही चूक शिकणारी पोरं करतात. ओकुमुरासाहेबांनी ती करावी म्हणजे तीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाने शेजारच्याला विचारावं, बाबा रे, यातला ब्रेक कुठला?

कारण ओकुमुरासाहेब धंदेवाईक खेळाडू होते. म्हणजे त्यांचा तो पोटापाण्याचा व्यवसाय होता, हे समजायलाच प्रल्हादला एक आख्खा उन्हाळा लागला होता. आणि आता तो माणूस समोर बसून शांतपणे, पुढची खेळी तुझी, अशा नजरेने बघत होता. प्रल्हादने काय केलं? त्याने चष्मा काढला आणि पुसला. नोकरीच्या आयुष्यात त्याने हे एकच शास्त्र पक्कं आत्मसात केलं होतं: साहेबाची चूक दिसली की आधी चष्मा पुसायचा. चष्मा पुसून होईस्तोवर बहुतेक चुका एकतर आपोआप दुरुस्त होतात, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जातात. हिचं तसं झालं नाही. काचा स्वच्छ झाल्या आणि दोन प्यादी आणखी स्पष्ट दिसायला लागली. एसीची घरघर कुणीतरी दूर नेऊन ठेवल्यासारखी वाटत होती. तेवढ्यात जेवणाची सुट्टी संपली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, “उद्या,” म्हणाले, आणि पटावर फडकं टाकलं. मीना बाजारातून बायकोने, दर्शनाने, आणलेल्या ब्लाउजपिसातला तो उरलेला मोरपंखी तुकडा. अर्धा राहिलेला डाव त्याच्याखाली झाकून ठेवायचा, ज्याची पाळी असेल त्याने घरी जाऊन विचार करायचा, अशी त्यांची पद्धत. पाळी प्रल्हादची होती.

संध्याकाळी अजमानच्या सिग्नलवर गाडी थांबली तरी तो त्या फडक्याखालीच होता. साहेबांची आख्खी कारकीर्द त्याला तुकड्यातुकड्यांनी कळली होती. डाव चालू असताना नाही, नेहमी नंतर. कारण शोगीत डाव संपला तरी संपत नाही. हरणाऱ्याने आधी स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, मी हरलो, आणि मान वाकवायची. त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणी म्हणायचं नाही. मग जिंकलेला आणि हरलेला दोघांनी मिळून तो डाव पहिल्यापासून परत मांडायचा, हळू आवाजात बोलत, कुठे वाट चुकली ते शोधायचं. प्रल्हादला हे फार दिवस पचलं नव्हतं. आपल्याकडे हरलेला माणूस उजेड बरोबर नव्हता म्हणतो, चप्पल शोधतो आणि निघून जातो. साहेब मात्र त्या उजळणीतच खुलायचे. एखादी खेळी दाखवताना म्हणायचे, ही मी ओसाकामध्ये एका बर्फाच्या दिवशी खेळलो होतो, आणि बोलता बोलता तो तीस वर्षांपूर्वीचा डाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडून दाखवायचे. समोरच्याला त्या दिवशी सर्दी होती, हेसुद्धा.

मच्छीमारांच्या गावातून तेराव्या वर्षी गुरूच्या घरी राहायला गेलेला मुलगा. फरशी पुसायची, गुरूचा चहा करायचा, आणि खेळायचं. शिकाऊ मुलांची एक शाळा, जिच्यात ठरावीक वयापर्यंत चौथी पायरी गाठली नाही तर नमस्कार करून बाहेर पडायचं; मग त्या मुलाला जगात दुसरं काही येत असो वा नसो. साहेबांनी ती पायरी अगदी काठावर गाठली. मग वर्षानुवर्षं सगळ्यात खालच्या वर्गात. एकदा वरच्या वर्गात गेले, दोन मोसमांत परत खाली आले. आख्खा दिवस गुडघ्यांवर बसून घोट्यांना आलेले काळे घट्टे त्यांनी एकदा मोजा खाली करून दाखवले होते, आपण मुंजीचा फोटो दाखवतो तसे. किताब एकही नाही. शेवटी हरत हरत नियमाप्रमाणे निवृत्ती आली, आणि बायकोच्या भावाने, ज्याची ही पंपांची कंपनी, त्यांना या वाळूत आणून ठेवलं. “वर्तमानपत्रात माझ्याबद्दल दोन ओळी आल्या,” साहेब म्हणाले होते. त्यांचं इंग्रजी तुटक, पण दोन्ही ओळी पाठ होत्या. पहिलीत जन्मगाव. दुसरीत असं, की या खेळाडूने संपूर्ण कारकिर्दीत एकदाही नियमबाह्य खेळी केली नाही. “मोठे मोठे करतात. थकतात, घड्याळाकडे बघतात, एका रांगेत दुसरं प्यादं. मी नाही. एकदाही नाही.” सांगताना त्यांनी चक्क छाती पुढे काढली होती. जगात कुणाला वीरचक्र मिळतं, कुणाला दोन ओळी.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. प्रल्हादने गिअर टाकला आणि त्याच क्षणी त्याला दुसरा धक्का बसला, पहिल्यापेक्षा जोराचा, कारण हा त्याचा स्वतःचा होता. सुरुवातीला साहेब त्याच्याशी खेळताना आपल्या बाजूचे हत्ती, उंट, घोडे, सगळे पेटीत ठेवून खेळायचे आणि तरी चहा निवायच्या आत जिंकायचे. मग घोडे परत आले. मग उंट. ज्या दिवशी साहेबांनी फक्त हत्ती बाजूला ठेवला आणि तरी प्रल्हाद जिंकला, त्या दिवशी त्याने बर दुबईहून पेढे आणून आख्ख्या शेडमध्ये वाटले होते. “काय वो भाऊ, मुलगा झाला काय?” जहूरने विचारलं होतं. साहेबांनी पेढा दोन्ही हातांनी घेतला, मान वाकवली आणि प्रल्हादचं नाव नेहमीसारखं जपानी करून म्हणाले, “पुरारादो-सान, यू बिकम स्ट्राँग.” मागच्या महिन्यापासून हत्तीसुद्धा पटावर. बरोबरीचा खेळ. आणि गेल्या आठवड्यात प्रल्हाद बरोबरीत दोनदा जिंकला. त्या रात्री त्याला झोप आली नव्हती. पंचेचाळिशी ओलांडलेला, बी.कॉम., पायात सपाता घालून शारजातल्या रोल्लाच्या दोन खोल्यांत हिंडणारा माणूस छताकडे बघत विचार करत होता, की आपल्यात काहीतरी होतं, ते इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही, शेवटी एका जपान्याला दिसलं. दर्शनाला त्याने उठवून सांगितलं होतं. ती म्हणाली होती, “बरं. पाण्याची मोटर बंद केलीत ना?”

आणि आता कळत होतं की तो वर चढतच नव्हता. तो होता तिथेच होता. समोरचा माणूस जिना उतरत होता. सिग्नलला शेजारचा ट्रक हळूच मागे सरकतो आणि आपली गाडी पुढे चालल्यासारखी वाटते, आपण घाबरून ब्रेक दाबतो, तसं. फक्त त्याने ब्रेक दाबला नव्हता, पेढे वाटले होते. मग एकामागून एक सगळं त्याच्या अंगावर आलं. इराकने कुवेत गिळलं त्या वर्षी इथले सीनियर लोक बायकापोरं घेऊन पळाले, म्हणून त्याला पहिली खुर्ची मिळाली होती. मग मेनन कॅनडाला गेला म्हणून दुसरी. त्या प्रत्येक वेळी त्याने गावी फोन करून प्रमोशन म्हटलं होतं. त्याच्या आख्ख्या कारकिर्दीत कुणी हरलं होतं, कुणी पळालं होतं, पण तो कधी जिंकला होता का? हा प्रश्न त्याने शारजाच्या पुलावर स्वतःला विचारला, आणि पार्किंग मिळेपर्यंत उत्तर टाळलं. पार्किंग नेहमीप्रमाणे उशिरा मिळालं.

घरी समिधा डायनिंग टेबलावर फिजिक्स पसरून बसली होती. दर्शना कोथिंबीर निवडत होती. त्याने सांगून टाकलं: दोन प्यादी, एक रांग.

“बाबा, इट्स जस्ट अ गेम,” समिधा मान वर न करता म्हणाली.

“विसरले असतील हो,” दर्शना म्हणाली. “वय झालं. तुम्ही नाही का परवा दूध आणायला गेलात आणि डिशवॉश घेऊन आलात?”

“मी दूध आणण्यात प्रोफेशनल नाही.”

“ते दिसतंच आहे.”

मग त्याने तिला रास अल खैमाची गोष्ट सांगितली. ऑफिसात ती विनोद म्हणून चालली होती. जहूर ती हावभावांसकट सांगायचा: साहेब सकाळी घरून निघाले ते हमरियाचा फाटा सोडून तसेच पुढे, उम्म अल क्वैन मागे टाकून थेट रासला. तिथे सिमेंट फॅक्टरीच्या गेटवर गाडी लावून वॉचमनला म्हणतात, आमचं ऑफिस कुठे गेलं? वॉचमन पठाण. तो म्हणाला, साब, यहाँ तो पहले से सिमेंटही है. सगळे हसले होते. साहेबही हसले होते, सगळ्यांच्या थोडे नंतर. दर्शनाच्या हातातली कोथिंबीर थांबली. तिने आधी समिधाकडे पाहिलं आणि मग त्याला स्वयंपाकघरात बोलावलं.

“कुणाला बोललात?”

“नाही.”

“त्यांचा तो मेहुणा सोमवारी येतोय ना?”

“हो. ओसाकाहून. ब्रँच ठेवायची की सिंगापूरला जोडायची ते बघायला. साहेबांसाठीच ठेवली आहे ही ब्रँच. साहेब गेले की खलास.”

“मग आत्ता बोलू नका.” ती नळ सोडून कोथिंबीर धुवायला लागली, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. “हिची बारावी आहे. मार्चपर्यंत. एकदा परीक्षा झाली की मग काय व्हायचं ते होऊ दे. अधेमधे नोकरी गेली तर हिला सावंतवाडीला कुठल्या शाळेत घालणार? मराठीत साधं नाव लिहिता येत नाही तिला.” नळ बंद झाला. तिने चाळणी झटकून ओट्यावर ठेवली. “पण गाडी चालवू देऊ नका हो त्यांना,” ती म्हणाली. “काहीतरी करा. पण गाडी नको.”

काहीतरी करा. हे त्याच्या जातीचं वाक्य होतं. न बोलता काहीतरी करणं, यावरच तो इथवर आला होता. रात्रभर त्याला ते फडकं दिसत राहिलं, त्याच्याखालचा पुरावा दिसत राहिला, आणि पहाटे त्याला सुचलं, इतकं सोपं की त्याला स्वतःचं हसू आलं. प्यादं एक घर सरकवायचं. शेजारची उभी रांग मोकळी होती. एक बोट लावलं की गुन्हा नाही, गुन्हेगार नाही, त्या दोन ओळी जशाच्या तशा. ऑफिसात याला ॲडजस्ट करणं म्हणतात; यावर अर्धं आखात चालतं. सकाळी तो सगळ्यांच्या आधी पोचला. कॅबिनमध्ये रात्रीची बंद हवा होती, खाडीकडून गंधकासारखा वास येत होता. त्याने फडकं उचललं. दोन्ही प्यादी होती तशीच उभी होती. त्याने तर्जनीने नवं प्यादं शेजारच्या रांगेत ढकललं. चोरट्या सोंगटीचा आवाज होत नाही. फडकं परत टाकलं आणि खुर्चीत बसून तो घामाघूम झाला.

कारण मग त्याला आठवलं की हे चालणार नाही. साहेबांना कळणारच. मागे एकदा जहूरने टेबल पुसताना पट उलटा केला होता, सगळ्या सोंगट्या जमिनीवर. जहूर कान पकडून उभा होता. साहेबांनी सगळा डाव होता तसा परत मांडला होता आणि शेवटी प्रल्हादच्या राजाला नखाने किंचित तिरपं केलं होतं, कारण प्रल्हादने तो आदल्या दिवशी तिरपा ठेवला होता. त्या माणसापुढे प्यादं सरकवायचं? साहेब फडकं काढतील, बघतील, आणि विचारतील, पटाला हात कुणी लावला? दुपारपर्यंत प्रल्हादने उत्तरं तयार केली. क्लीनर. एसीचा झोत. उंदीर. त्याला त्या ओरड्याची भीती वाटत होती, आणि जसजसा एक वाजत आला तसतसं त्याच्या लक्षात आलं की तो त्या ओरड्याची वाट बघतोय. देवा, ओरडू दे. खच्चून ओरडू दे.

साहेब आले. हात धुतले. खुर्चीवर नेहमीसारखे ताठ बसले. फडक्याच्या चार घड्या घातल्या, बाजूला ठेवलं आणि पटाकडे पाहिलं.

प्रल्हाद त्यांच्या डोळ्यांकडे बघत होता. डोळे पटावरून फिरले. सरकवलेल्या प्याद्यावर आले. थांबले. पुढे गेले.

“तुझी खेळी,” साहेब सौम्यपणे म्हणाले.

धक्का कसा असतो याबद्दल प्रल्हादच्या काही कल्पना होत्या. किंकाळी, कपाळावर हात, निदान ग्लास पडणं. तसं काही झालं नाही. जहूर बाहेर फोनवर कुणाला तरी घाई करत “यल्ला यल्ला” म्हणत होता. प्रल्हादने दया म्हणून जे केलं होतं ती परीक्षा झाली होती, आणि साहेब नापास झाले होते, आणि निकाल फक्त त्याच्याकडे होता. हात हलवायचा म्हणून त्याने उंट हलवला. साहेब खेळले. टक. तो खेळला. त्याला हरायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो हरण्यासाठी मनापासून खेळत होता. त्याने हत्ती फुकट देऊ केला. साहेबांनी घेतला नाही. त्यांना तो दिसला नाही. राजाभोवतीची भिंत त्यांनी स्वतःच्या हाताने उघडली, अशा ऐटीत, अशा सुंदर बोटांनी, की बघणाऱ्याला वाटावं यात काहीतरी खोल असणार. काही नव्हतं. जिंकणं टाळायला जागाच उरली नाही तेव्हा प्रल्हादला शेवटचा शह द्यावा लागला.

साहेबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. “मी हरलो,” ते म्हणाले आणि मान वाकवली. मग वर बघून हसले, खरंखुरं, शिष्य जिंकल्यावर गुरूने हसावं तसं. “पुरारादो-सान. यू बिकम स्ट्राँग.”

इथे थँक यू सर म्हणायचं असतं. थँक यू सर म्हटलं की जेवणाची सुट्टी संपते, सोमवारी मेहुणा येतो, साहेब त्याला गाडीतून विमानतळावरून आणतात, किंवा रास अल खैमाहून. मार्च येतो, समिधाचे पेपर होतात. थँक यू सर ओठांपर्यंत आलंही होतं. पण साहेबांनी सवयीने सोंगट्या गोळा करून पुन्हा मांडल्या होत्या. उजळणी. पहिली खेळी त्यांच्या हाताने आपोआप झाली. दुसरी. पाचव्या-सहाव्या खेळीला हात हवेतच थांबला. दोन बोटांत सोंगटी, आणि खाली सगळी घरं सारखीच. तो हात हळूच एकीकडे गेला, परत आला, दुसरीकडे गेला. प्रल्हादने तसा हात रोल्लाच्या बसस्टॉपवर पाहिला होता, नव्याने आलेल्या माणसाचा, ज्याला कुठल्या बसला थांबवायचं ते ठाऊक नसतं आणि तरी हात पुढे केलेला असतो. बर्फाच्या दिवसाचा डाव सर्दीसकट आठवणारा माणूस, आणि कालचा डाव गेला होता.

“सर, मी मांडतो,” प्रल्हाद म्हणाला.

त्याने मांडला. दोघांच्याही खेळ्या तोच करत गेला, स्वतःच्या स्वतःच्या बाजूने, साहेबांच्या साहेबांच्या बाजूने. त्याच्या चिमटीतून आवाज नीट येत नव्हता, पण खेळ्या बरोबर होत्या, कारण रात्रभर त्याने दुसरं काही पाहिलंच नव्हतं. साहेब बघत होते, चांगल्या विद्यार्थ्यासारखे, गुडघ्यांवर हात ठेवून. कालच्या शेवटच्या खेळीपाशी तो आला. त्याने ते प्यादं उचललं. समिधाचं उघडं फिजिक्सचं पुस्तक त्याच्या डोळ्यांपुढे आलं, कोथिंबिरीची चाळणी आली. चष्म्याकडे गेलेला हात त्याने परत आणला. आणि प्यादं जिथे होतं तिथे ठेवलं. एका उभ्या रांगेत दुसरं.

“काल हे इथे होतं, सर. सकाळी मी सरकवलं.”

बाहेर फोर्कलिफ्ट थांबली होती. साहेब पटाकडे बघत राहिले. काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर वर येत होतं आणि परत खाली जात होतं. आधी प्रल्हादला वाटलं, राग. मग त्याला कळलं की ते मोजताहेत. धंदेवाईक माणूस होता तो. डाव कुठून बिघडला ते मागे मागे जाऊन शोधत होता. काल, त्याच्या आधी, त्याच्याही आधी, रासचा रस्ता, सिमेंटचं गेट, सगळ्यांच्या थोडं नंतर हसलेलं हसू.

“केव्हापासून?” त्यांनी विचारलं.

याचं उत्तर देऊ शकणारा जगात एकच माणूस होता आणि तो समोर बसला होता. त्या उत्तरात त्याचं घोड्यांचं, उंटांचं, हत्तीचं, छताकडे बघत काढलेल्या त्या रात्रीचं, सगळंच जाणार होतं.

“मी जिंकायला लागलो तेव्हापासून, सर.”

साहेबांनी मान हलवली, बरोबर खेळी दाखवल्यावर हलवतात तशी. “पेढे,” ते म्हणाले.

“हो सर. पेढे.”

त्यांनी पुन्हा मान वाकवली, या वेळी जास्त खाली, इतकी की टकलावर ट्यूबलाइट दिसली. प्रल्हादनेही वाकवली. वर पाहिलं तेव्हा साहेबांचा हात खिशात होता. तो बाहेर आला तेव्हा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत गाडीची किल्ली होती. हात हवेतून सावकाश खाली आला आणि त्यांनी ती पटावर ठेवली, मधल्या एका रिकाम्या घरात, तोंड प्रल्हादच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे आता ती त्याच्या बाजूची.

आवाज या वेळी वेगळा झाला.